मालकांची सही

नव्या कंपनीचं पत्र आलं त्या दिवशी टायपिस्टबाईंच्या पोटात जो गोळा आला, तो नऊ दिवस झाले तरी जागचा हलला नव्हता. पत्र तसं साधंच होतं. स्टुडिओ विकत घेण्याआधी मोठ्या कंपन्या जुने कागद तपासतात, तसे यांनीही तपासले होते. त्यातून एकोणीस करार बाजूला काढले होते. स्टुडिओच्या सगळ्या जुन्या मालिकांचे हक्क या एकोणीस कागदांवर उभे होते. आता संस्थापकांनी, म्हणजे मालकांनी, मंगळवारी सकाळी अकरा वाजता जातीनं हजर राहावं, प्रत्येक करारावरची आपली सही ओळखावी आणि ‘वरील सही माझी आहे’ या ओळीखाली पुन्हा सही करावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

अडचण एकच होती. त्या एकोणिसातली एकही सही मालकांची नव्हती. सगळ्या बाईंनी केलेल्या होत्या.

टायपिस्टबाई हे नाव त्यांना चौतीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात पडलं. पुढे टाइपरायटर भंगारात गेला, कॉम्प्युटर आले, ते जाऊन दुसरे आले, बाई ऑफिसच्या प्रमुख झाल्या, हाताखाली सात माणसं आली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. स्वभावानं बाई अतोनात भित्र्या. चालायचा सिग्नल मिळाला तरी रस्ता ओलांडायच्या आधी त्या दोनदा इकडेतिकडे बघत, आणि तोवर सिग्नल जाई. अशा बाईच्या हातून इतकी वर्षं दुसऱ्याची सही होत राहावी, हे ऐकणाऱ्याला खरं वाटायचं नाही. पण तसं झालं खरं, आणि त्याला कारण होता स्टुडिओच्या दारावरचा लाल दिवा.

स्टुडिओ आधी बर्फाचा कारखाना होता. भिंती दीड हात जाड, खिडकी औषधालाही नाही. बाहेरचा आवाज आत येणार नाही म्हणून मालकांनी ती जागा घेतली. आत चित्रीकरण सुरू झालं की दारावरचा लाल दिवा लागायचा, आणि तो लागलेला असताना दार उघडणाऱ्याची मालक सालटी काढायचे. सकाळी नऊला लागलेला दिवा संध्याकाळशिवाय विझत नसे. कागद घेऊन आलेली माणसं बाहेर बाकावर ताटकळत बसायची. पहिल्याच महिन्यात टीव्हीच्या वाहिनीचा माणूस एक करार घेऊन आला आणि तीन तास बसून राहिला. शेवटी बाईंनी दाराखालून चिठ्ठी सरकवली. ती परत आली तेव्हा मागे पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, ‘तुम्हीच करा. तुमचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.’

अक्षराचं खरंच होतं. मालकांची सही म्हणजे शाईत पाय बुडालेलं झुरळ कागदावरून पळालं असावं, तशी. बाईंनी ती जरा सरळ केली, पहिल्या अक्षराला गोल पोट दिलं, शेवटी एक नीटस रेघ ओढली. पुढे ती रीतच पडली. बँकेनं सहीचा नमुना मागितला, तेव्हा मालकांनी कार्ड बाईंच्या टेबलावर टाकलं. “दोन वेगळ्या नकोत,” म्हणाले. त्याचा परिणाम असा झाला, की एकदा मालकांनी घाईघाईत एका चेकवर स्वतः सही केली आणि सही जुळत नाही म्हणून बँकेनं तो परत पाठवला. ऑफिस दिवसभर हसत होतं. “बघा, माझीच सही खोटी निघाली,” मालक म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी पेन हातात धरणंच सोडून दिलं.

स्टुडिओच्या कंपनीची नावं बदलत गेली. आधी ती मालकांच्या आईच्या नावावर होती. मग भागीदार आला, तेव्हा दोन आडनावं जोडून झाली. भागीदार भांडून गेला, तेव्हा नुसती तीन अक्षरं उरली. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, सही तेवढी बदलली नाही. नव्या कंपनीनं स्टुडिओचा इतिहास लिहायला एक लेखिका नेमली होती. ती आठवडाभर बाईंच्याच खोलीत बसून जुने कागद चाळत होती. एकदा ती कौतुकानं म्हणाली, “एवढ्या उलथापालथीत साहेबांची सही बघा कशी ठाम आहे. माणूस सहीवरून कळतो म्हणतात ते काही खोटं नाही.” बाईंनी मान डोलावली आणि पाणी प्यायला उठून गेल्या.

घरी ताई होती. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण, निवृत्त नर्स. दोघींनीही लग्न केलं नव्हतं, दोघी एकाच घरात राहायच्या, आणि घाबरायचं काम एकीनं घेतल्यामुळे दुसरीला ते करावं लागत नसे.

“सह्या करायला त्यांनीच सांगितलं होतं ना तुला?” ताईनं ताटं मांडता मांडता विचारलं.

“हो.”

“मग झालं तर. ते सांगतील की मीच सांगितलं होतं.”

“आणि नाही सांगितलं तर? ताई, वकील येणार आहे. खोटी सही म्हणजे गुन्हा असतो. व्यवहार मोडला तर एकशे बारा माणसांची नोकरी जाईल, आणि मी तुरुंगात.”

“तुला तुरुंगात कोण ठेवून घेतंय? पहिल्याच दिवशी रडून रडून त्यांना नकोशी होशील. जेव आता.”

बाईंनी दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. ताई बोलत होती ते अठरा सह्यांबद्दल. एकोणिसाव्या सहीबद्दल बाईंनी तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

ती सही सव्वीस वर्षांपूर्वीची, मालकांची बायको गेली त्या वर्षीची. वहिनी आठ दिवसांच्या दुखण्यानं गेल्या आणि मालकांनी दार लावून घेतलं. स्टुडिओत निरोप आला, सगळं बंद करा. बाईंनी स्वतःच्या हातानं पासष्ट माणसांना नोकरी संपल्याची पत्रं टाइप केली, त्यातलं शेवटचं स्वतःला. ती वाटायच्या आदल्या दिवशी वाहिनीचं पाकीट आलं. मालक वर्षभर जिच्या मागे होते ती मालिका, तीन बहिणी मिळून एक लॉज चालवतात ती, मंजूर झाली होती. पण शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत सही केलेला करार पोचला नाही, तर ती दुसऱ्या स्टुडिओला जाणार होती.

बाई करार घेऊन मालकांच्या घरी गेल्या. बंद दाराबाहेर उभं राहून त्यांनी तो पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. आतून मालक म्हणाले, “मला काही नको. फाडून टाका ते.”

बाई परत आल्या. टेबलावर पासष्ट पाकिटांचा गठ्ठा होता. सगळ्यात वरचं पाकीट सेट उभारणाऱ्या सुताराचं होतं, आणि त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. बाईंनी पेन घेतलं. हात इतका थरथरत होता, की आधी रद्दी कागदावर चार वेळा करून बघावी लागली. पाचव्यांदा करारावर केली, आणि पाचला दहा मिनिटं कमी असताना स्वतः धावत जाऊन तो वाहिनीच्या ऑफिसात दिला. घरी आल्यावर त्यांना ताप भरला.

वहिनी गेल्यापासून त्रेचाळिसाव्या दिवशी मालक स्टुडिओत आले. आत लॉजचा जिना उभा होता आणि जिन्यावर तिघी बहिणी. मालक दारातच थांबले. त्यांनी सगळं डोळे भरून बघितलं आणि म्हणाले, “तो दिवा जरा डावीकडे घ्या, धाकटीच्या नाकाची सावली पडतेय.” बस्स, एवढंच. करारावर सही कुणी केली, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही. मालिका अकरा वर्षं चालली. तिच्यावर स्टुडिओनं दुसरा मजला बांधला, आणि नव्या कंपनीला आज स्टुडिओ हवा होता तो मुख्यतः तिच्यासाठीच.

दुसरी एखादी असती तर तिनं मालकांच्या गप्प बसण्याचा चांगला अर्थ लावला असता. बाईंनी लावला तो असा, की मालकांना अजून कळलेलं नाही. आणि कळलं की काय होईल, हेही त्यांना ठाऊक होतं. कपडेपटातल्या एका माणसानं न धुतलेला शर्ट धुतला म्हणून सांगितलं, तेव्हा मालकांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. “शर्टाचं काही नाही, तू खोटं बोललास त्याचं आहे,” असं ते सगळ्यांदेखत म्हणाले होते. एका शर्टासाठी हे. इथं तर फाडायला सांगितलेल्या करारावर त्यांचं नाव परस्पर लिहिलेलं होतं.

सोमवारी दुपारी मालकांच्या मुलीचा फोन आला. निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं मालक तिच्याकडेच राहत होते.

“मी त्यांना म्हटलं, कागद घरीच मागवू,” ती म्हणाली. “तर ऐकत नाहीत. म्हणतात, त्यातल्या एका कागदाबद्दल मला तिथं सगळ्यांसमोर बोलायचंय.”

“कुठल्या कागदाबद्दल?” बाईंनी विचारलं.

“ते काही सांगत नाहीत. तुम्ही असाल ना पण? तुम्ही हव्यातच, असं दोनदा म्हणाले.”

बाईंनी फोन ठेवला. म्हणजे कळलं होतं. कधी कळलं, कुणी सांगितलं, देव जाणे, पण कळलं होतं, आणि ते सगळ्यांसमोर बोलणार होते. पळून जावं, असं बाईंना अगदी खरोखर वाटलं. पण पळून जायचं म्हणजे कुठे, हे त्यांना सुचेना. मग त्यांनी एकोणीस फायली तारखेप्रमाणे लावल्या आणि वरची धूळ पुसली.

मीटिंगची खोली पूर्वी मेकअपची खोली होती. भिंतीवरचा लांब आरसा आणि त्याच्या कडेचे बल्ब अजून तसेच होते, आणि नव्या कंपनीच्या लोकांना त्यांची गंमत वाटत होती. टेबलाच्या एका बाजूला कंपनीचा तरुण वकील आणि दोन अधिकारी बसले, कोपऱ्यात वही उघडून लेखिका. बाई फायली द्यायला मालकांच्या शेजारी उभ्या राहिल्या. समोर आरशात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि तो बघून कुणीही ओळखलं असतं की या बाईनं काहीतरी केलंय. त्या फायलींकडेच बघत राहिल्या.

मालक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. अंगानं वाळले होते, पण आवाज तोच होता. वकिलानं अदबीनं पहिला करार पुढे ठेवला, पेन उघडून दिलं.

“हात थरथरतो हो,” मालक म्हणाले. “अंगठा चालेल?”

“चालेल की साहेब. फक्त सही ओळखून सांगा.”

बाईंनी मालकांच्या हाताकडे बघितलं. तो टेबलावर स्वस्थ पडला होता. तासन्‌तास खांद्यावर कॅमेरा तोलणारा हात, त्याला आजही साधा कंप नव्हता. मालक त्यांच्याकडे बघत नव्हते. मालकांची स्वतःची सही कागदावर उतरली असती तर एका नजरेत बिंग फुटलं असतं, आणि तेवढं टाळायला हा माणूस चक्क खोटं बोलला होता. बाईंना क्षणभर वाटलं, आपण वाचलो. मग फोन आठवला.

“ही माझी,” मालक म्हणाले आणि शाईच्या पॅडवर अंगठा दाबला. दुसरा करार, “हीसुद्धा माझी.” माझ्या सांगण्यावरून झाली ती माझीच, असा त्यांचा हिशेब असावा. मधूनमधून ते थांबून काहीबाही सांगत. या करारातल्या मालिकेत घोडा होता, आणि घोड्यानं दुसऱ्याच दिवशी नायकाचा टोप खाल्ला. या कागदाच्या वेळी भागीदार नवा होता आणि रोज मिठी मारायचा, पुढच्या कागदाच्या वेळी तो जिन्यात भेटला तरी भिंतीकडे तोंड करायचा. अधिकारी हसत होते, लेखिका भराभर लिहीत होती. प्रत्येक फाईल मिटली की बाई मनात आकडा मोजत होत्या. पंधरा. सोळा. सतरा. अठरा.

शेवटचा कागद वकिलानं मुद्दाम मागे ठेवला होता. “आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. लॉजच्या मालिकेचा.”

मालकांनी तो जवळ ओढला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. शाईचं पॅड समोर होतं, पण अंगठा त्यांनी त्यावर टेकवला नाही.

“ही माझी नाही,” ते म्हणाले. “ही सही या बाईंची आहे.”

खोलीतलं हसणं थांबलं. बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“म्हणजे तुमच्या सांगण्यावरून त्यांनी केली?” वकिलानं विचारलं.

“छे. मी तर फाडून टाका म्हटलं होतं.”

वकिलानं पेन खाली ठेवलं. एक अधिकारी दुसऱ्याच्या कानाशी काहीतरी कुजबुजला.

“अहो, घाबरू नका,” मालक त्यांना म्हणाले. “तेव्हा नव्हती, पण आज माझी मंजुरी आहे. तुम्ही कागदावर तसं लिहा. ही सही बाईंनी केली, आपल्या मनानं केली, आणि ती मला मंजूर आहे. असं लिहिता येतं ना?”

वकिलानं करार पुन्हा एकदा वाचला. “येतं. अवघड नाही. तुमची मंजुरी जोडली की करार पक्काच राहील, फक्त नोंद नीट व्हायला हवी.” तो बाईंकडे वळला. “बाई, तुमचा दोन ओळींचा जबाब लागेल. ही सही तुम्ही केलीत ना?”

त्याचा आवाज सौम्य होता. घाबरण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. एकट्या बाईंना कळत नव्हतं. ‘ही माझी नाही’ यानंतर जे बोललं गेलं, ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पोचला तो ‘जबाब’ हा एक शब्द, कारण नऊ दिवस त्या त्याच शब्दाची वाट बघत होत्या. आरशातून सगळे चेहरे त्यांच्याकडे वळले होते. जबाब द्यायचा, मग सही करायची, मग कुणीतरी दंडाला धरायचं, एवढंच त्यांना पुढचं दिसत होतं.

“नाही,” बाई म्हणाल्या.

“बाई,” मालक हळूच म्हणाले, “सांगून टाका. काही होणार नाही.”

“मी नाही केली. मला काही माहीत नाही.” बाईंचा आवाज चिरकला, आणि एकदा सुटलेलं तोंड त्यांना आवरेना. “मालकांचीच आहे ती. त्यांच्या लक्षात नाही. वहिनी गेल्या होत्या तेव्हा. ते भ्रमिष्टासारखे झाले होते हो, त्या दिवसांतलं त्यांना काही आठवत नाही. कुणालाही विचारा.”

मालकांनी मान वळवून बाईंकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं. राग नव्हता. आपण एखाद्या घरी काही द्यायला जावं आणि आतून कडी लागावी, तेव्हा माणूस जसा दाराकडे बघतो, तसे ते बघत होते.

“असेल,” शेवटी ते म्हणाले. “वय झालं माझं. बाई म्हणतात तर माझीच असेल.”

त्यांनी अंगठा शाईत बुडवला आणि ओळीखाली दाबला. वकिलानं मोकळा श्वास सोडला आणि फाईल बंद केली. एका अधिकाऱ्यानं टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनीही. बाईंनीही वाजवल्या. सगळं पार पडलं होतं, नोकऱ्या वाचल्या होत्या, कुणी त्यांना पुढे काही विचारलं नव्हतं. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांना धड श्वास घेता आला, आणि त्याचं त्यांना बरं वाटलं नाही.

खाली दाराशी मालक गाडीची वाट बघत उभे होते. बाई ओला रुमाल घेऊन गेल्या.

“अंगठा पुसून घ्या. डाग राहतो त्याचा.”

मालकांनी रुमाल घेतला आणि सावकाश अंगठा पुसत राहिले.

“मुद्दाम आलो होतो हो मी,” ते म्हणाले. “ही गेली तेव्हा हिच्या मागोमाग जायचं, असं मी ठरवलं होतं. दिवससुद्धा ठरवला होता. त्याच्या आधी एकदा स्टुडिओ बघून यावं म्हणून निघालो, तर आत जिना उभा. दिवे लागलेले. माणसं कामाला लागलेली. मला तेव्हाच कळलं कुणी केलं ते. दुसरं कोण करणार?”

बाई त्यांच्या अंगठ्याकडेच बघत होत्या.

“तेव्हाच बोलायला हवं होतं. जमलं नाही. आज उद्या करत वर्षं गेली, मग तर लाजच वाटायला लागली. म्हटलं, या निमित्तानं चारचौघांत सांगू. कागदावर येईल, पुस्तकात येईल.” त्यांनी रुमालाची घडी केली. “तुम्हाला काय वाटलं होतं?”

“तुम्हाला अजून कळलेलं नाही, असं. आणि कळलं की तुम्ही मला त्या शर्टवाल्यासारखं घालवून द्याल.”

“सव्वीस वर्षं हेच वाटत होतं?”

“हो.”

गाडी येऊन उभी राहिली, मुलीनं आतून दार उघडलं.

“चुकलंच माझं,” ते म्हणाले. “खोटं बोललो नव्हतो हो आयुष्यात. आज दोनदा बोललो. पहिलं तुमच्यासाठी बोललो, त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्याचं फार वाईट वाटतंय.” मग ते गाडीत बसले.

गाडी कोपऱ्यावर वळली आणि बाई उलट्या फिरल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या जिना धावत चढल्या. मीटिंगच्या खोलीत फक्त लेखिका होती, पिशवी भरत होती. फायली वकील घेऊन गेला होता.

“ती सही मी केली,” बाई दारातूनच म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. “लॉजच्या करारावरची. मालक म्हणाले ते सगळं खरं आहे. मीच केली. तुम्ही लिहून घ्या.”

लेखिकेनं त्यांना खुर्ची ओढून दिली, पाणी दिलं. बाई बसल्या नाहीत.

“बाई, मग मघाशी नाही का म्हणालात?”

“घाबरले होते.”

लेखिकेनं वही उघडली आणि त्या वर्षाचं पान बाईंसमोर धरलं. तिथं लिहिलेलं होतं, ‘पत्नीवियोगाच्या दुःखातही संस्थापकांनी खंबीरपणे करारावर सही केली आणि पासष्ट कुटुंबं वाचवली.’ बाईंनी ते दोनदा वाचलं.

“त्यावर आता अंगठा आहे साहेबांचा,” लेखिका म्हणाली. “आणि तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर नाही म्हणालात. पुस्तक कंपनीचं आहे, कागदाच्या बाहेर मला जाता येत नाही. पण खरं सांगू का, रागावू नका. मी आठवडाभर तुमच्या खोलीत बसतेय. फोन वाजला तरी तुम्ही दचकता. साहेबांना तुमच्याबद्दल माया आहे म्हणून ते तसं बोलले असतील, आणि आता त्यांच्याबद्दलच्या मायेनं तुम्ही बोलताय. पण मालक फाडून टाका म्हणत असताना ज्या माणसानं ही सही केली, तो माणूस घाबरणारा नव्हता.”

“घाबरली होती हो,” बाई म्हणाल्या. “खूप घाबरली होती ती.”

लेखिकेनं त्यांच्या हातावर हलकेच थोपटलं, वही मिटून पिशवीत घातली, आणि बल्ब मालवून दोघी बाहेर पडल्या.